जेलमध्ये दारू सुटत नाही भो, फक्त मिळत नाही

परवा गल्लीतल्या एका काकूंनी एकदम समाधानानं सांगितलं, बरं झालं भाऊ पोराला आत टाकलं ते, आता दोन-तीन महिन्यात दारू आपोआप सुटेल. पोरगं मारामारीच्या केसमध्ये आत गेलंय, मारामारी अर्थात पिऊनच झाली होती. मी काही बोललो नाही, त्या माउलीला कित्येक महिन्यांनी रात्रीची नीट झोप लागून राहिली होती, ती कशाला मोडायची. पण हे एकट्या काकूंचं मत नाही ना, आमच्याकडे सरपंच, वकील, हवालदार, सासरे, मेहुणे सगळे हेच बोलतात, की आत गेला म्हणजे सुधरून येईल. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी माझी ओळख. यावल-चोपड्याच्या पट्ट्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, केळीवाल्यांच्या सबमर्सिबल मोटरा जळाल्या की माझ्याकडे येतात. आणि मी अल्कोहोलिक आहे. पिणं बंद आहे, पण "होतो" असं आम्ही म्हणत नाही, "आहे" म्हणतो. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या, मिटिंगला जातो, आणि आमच्यातले तीन-चार जण परवानगी काढून रविवारी जेलमध्ये जाऊन आतल्या लोकांची मिटिंग घेतो. खान्देशातलं कोणतं जेल ते लिहीत नाही, आम्हाला पुढच्या रविवारी परत आत जायचंय (आणि बाहेरही यायचंय).

तर पहिली गोष्ट. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली की नुसती तलफ येते असं नाही. सहा-आठ तासात हात थरथरायला लागतात, घाम, उलट्या, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसात फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास सुरू होतात, ताप चढतो, कुठे आहोत ते कळत नाही, डॉक्टर लोक त्याला डीटी म्हणतात, डिलिरियम ट्रेमेन्स. वेळेवर औषध मिळालं नाही तर यात माणूस मरतो. आता हिशोब करा, अटक झाल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस माणूस कुठे राहतो? लॉकअपमध्ये, नाहीतर जेलच्या नव्या बराकीत, अनोळखी लोकांत. म्हणजे ज्या दिवसांत त्याला सलाईनच्या बाटलीजवळ पाहिजे त्याच दिवसांत तो फरशीवर झोपलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं की हा नाटक करून राहिला.

मिटिंगमध्ये एकानं त्याच्या तिसऱ्या रात्रीचं सांगितलं होतं. भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरताना दिसत होती, थेट त्याच्या चादरीवर, तो रात्रभर चादर झटकत बसला. शेजारच्यांनी आधी शिव्या घातल्या. मग पहाटे फिट आली तेव्हा एकानं नाकाला चप्पल लावली, एक म्हातारा म्हणाला याला बाहेरचं लागलंय, लिंबू आणा, आता जेलमध्ये पहाटे चार वाजता लिंबू कुठून आणणार. शेवटी एका पक्क्या म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यानं दरवाजा वाजवून वाजवून शिपायाला उठवलं आणि त्याला सिव्हिलला नेलं, म्हणून तो आम्हाला हे सांगायला जिवंत होता. तो म्हणे, "भाऊ, माले वाटे मी मरी जास." बाकीचे हसले आणि तो पण हसला, पण हसताना त्याचे हात मांडीखाली दाबलेले होते.

याला औषध आहे. लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड अशा गोळ्या, डॉक्टर रोज थोड्या थोड्या कमी करत नेतात, सोबत थायमिन म्हणजे बी-वन. फार महागाची औषधं नाहीत ही. (कोणी घरी बसून मेडिकलवरून आणून देऊ नका हां, त्या गोळ्यांचीपण सवय लागते आणि वरून दारू घेतली तर जिवावर बेततं.) जेलमध्ये आल्या आल्या मेडिकल होतंच, वजन, बीपी, जुने आजार, अंगावरच्या जखमा. त्यात फक्त दोन प्रश्न नीट विचारले पाहिजे, रोज किती घेतो आणि शेवटची कधी घेतली. आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर हसू नसलं पाहिजे. कारण "पितो का रे?" असं दरडावून विचारलं की माणूस हमखास म्हणतो, नाही साहेब, कधीमधी. मी स्वतः माझ्या डॉक्टरला वर्षानुवर्षं कधीमधीच सांगितलंय.

लोकांना वाटतं हे लाड आहेत. कायदा तसं म्हणत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारात धरल्यात, आणि त्याच कायद्याचं कलम १०३ सांगतं की प्रत्येक राज्यात निदान एका जेलच्या मेडिकल विंगमध्ये मानसिक आरोग्याचं केंद्र पाहिजे. निदान एका! एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात कायद्याची किमान अट एका जेलची, मग नंदुरबारच्या कोपऱ्यात पकडलेल्या पोराच्या वाट्याला काय येणार ते तुम्हीच समजा. तसं बाहेर तरी कुठे दिवाळी आहे म्हणा, २०१९ मध्ये एम्सचा देशभराचा सर्व्हे आला होता, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं निघालं.

आता मिटिंगचं सांगतो, कारण लोक विचारतात आत जाऊन तुम्ही करता काय, भाषण देता का. भाषण अजिबात नाही. भाषणं त्यांनी भरपूर ऐकलेली असतात, बापाची, बायकोची, कोर्टाची. आम्ही गोल करून बसतो, मी माझं नाव सांगतो, म्हणतो मी अल्कोहोलिक आहे, आणि माझी गोष्ट सांगतो. बैलजोडी कशी गेली, बहिणीच्या लग्नात मी काय दिवे लावले, दुकानात गिऱ्हाइकाची मोटर खोलून तिची जुनी तांब्याची तार भंगारात विकून कशी प्यायलो. ही शेवटची गोष्ट सांगितली की सगळे सरळ होऊन बसतात, कारण चोरीचं त्यांना कळतं. मग एखादा हळूच सुरू होतो. बोलणं सगळं अहिराणीत, मध्येमध्ये मराठी. सातपुड्याकडची पावरा आदिवासी पोरं राहिली तर ती शेवटपर्यंत गप्प, आणि उठताना एखादा कानाशी येऊन दोन वाक्यं बोलतो. त्यांच्या घरी देवाला आणि लग्नाला मोहाच्या दारूची धार लागते, त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी "आयुष्यभर थेंबही नाही" म्हणाले तर तो तुमच्याकडे बघणारपण नाही. म्हणून फक्त आजचा दिवस. आज नाही घ्यायची, उद्याचं उद्या. आत तर हे सोपं आहे, तिथेच तर गोम आहे.

सगळे काही दारू सोडायला येत नाहीत हे पण खरं सांगतो. निम्मे बराकीतून तासभर बाहेर बसायला मिळतं म्हणून येतात. काही विचारतात, साहेब सर्टिफिकेट भेटेल का, वकील म्हणे जामिनाला कामाला येईल. आम्ही देत नाही. आमच्याकडे रजिस्टर नाही, फी नाही, कोण आला त्याची नोंद नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच एक अट. एक जण रागावून निघून गेला, दोन रविवार आला नाही आणि मग परत आला, का ते मी विचारलं नाही. चहासाठी आलेला माणूसपण कान घरी ठेवून येत नाही.

ही काही आमची नवी शक्कल नाही. एए सुरू झालं अमेरिकेत १९३५ साली, आणि १९४२ मध्येच कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन जेलमध्ये कैद्यांचा पहिला ग्रुप बसला. तिथला वॉर्डन डफी, त्यानं बाहेरच्या मेंबरांना आत येऊ दिलं, त्या काळात. आणि एवढ्या लांब कशाला जाता, १९३२ साली धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. ती माणसं वेगळी, कारण वेगळं, आपली बरोबरीच नाही. पण रविवारी जेलमध्ये गोल करून बसायचं आणि कोणीतरी मनापासून बोलायचं, ही खान्देशातल्या जेलला काही परकी गोष्ट नाही एवढंच.

विपश्यनेचं पण खूप जण सुचवतात, इगतपुरीचं केंद्र आपल्याला जवळ, आणि १९९४ ला किरण बेदींच्या वेळी तिहारमध्ये हजारावर कैद्यांचं एकत्र शिबिर झालं होतं. चांगलंच आहे. पण दहा दिवस मौन म्हणजे ज्याला अजून झोप नाही, ज्याचे हात थरथरतात त्याचं काम नाही, त्याला आधी गोळ्या आणि मग बोलायला माणूस पाहिजे. मौन नंतर.

आमची खरी अडचण वेगळीच आहे. आपल्या देशातल्या जेलांत चारातले तीन जण कच्चे कैदी राहतात, म्हणजे खटला चालू, शिक्षा झालेली नाही. जिल्ह्याच्या जेलमध्ये तर जवळपास सगळे तसेच. त्यामुळे बारा आठवड्यांचा कोर्स, आधी हे प्रकरण मग ते प्रकरण, वहीत प्रगती लिहा, असं जे काही शहरातल्या संस्था आखून देतात ते इथे चालत नाही. या रविवारी ढसाढसा रडलेला माणूस पुढच्या रविवारी नसतो. कुठे गेला? जामीन झाला. नाहीतर तारखेला कोर्टात नेलं. नाहीतर जागा नाही म्हणून दुसऱ्या जेलला पाठवला. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला अवचट पती-पत्नींनी १९८६ पासून जे उभं केलंय तिथे माणूस ३५ दिवस तरी त्यांच्या हातात राहतो, आमच्या हातात एक तास. म्हणून आम्ही ठरवलंय की प्रत्येक मिटिंग ही त्याची पहिली आणि शेवटची मिटिंग आहे असं समजून घ्यायची, त्या तासात निदान एवढं तरी कळलं पाहिजे की हा आजार आहे आणि बाहेर आल्यावर कुठे जायचं.

आणि बाहेर येणं, यावर कोणी बोलतच नाही. जेलमधून सुटका बहुतेक वेळा संध्याकाळी होते. दुपारी कोर्टात जामीन, मग जामीनदार, कागद, सही, शिक्का, कागद जेलपर्यंत पोचेस्तोवर दिवस मावळायला येतो. आता कोणत्याही पिणाऱ्याला विचारा त्याची वेळ कोणती. सातची! बरोबर त्याच वेळेला हा माणूस गेटच्या बाहेर येतो, अंगावर जुने कपडे, खिशात थोडे पैसे, गावाची शेवटची एसटी आहे की गेली माहीत नाही, आणि घ्यायला कोण आलं राहतं? दोस्त. जे दोस्त त्याच्यासोबत प्यायचे तेच, कारण बाकीच्यांनी संबंध तोडलेले. "चल भो, सुटला, बसू थोडं." त्या वाक्यासमोर आमची मिटिंग काय टिकते सांगा. मी मोटर कितीही चांगली भरून दिली आणि शेतकऱ्यानं ती परत त्याच लो व्होल्टेजवर चालू केली तर महिनाभरात जळून परत माझ्याच दुकानात येणार, तसं आहे हे.

त्यात एक धोका लोकांना माहीतच नाही. काही महिने बंद राहिलं की शरीराची झेपण्याची ताकद कमी होते, पण डोक्यात कोटा जुनाच राहतो. पूर्वी दोन क्वार्टर पचायच्या म्हणून पहिल्याच दिवशी तेवढी ओतली की संपलं. ड्रग्जमध्ये तर हे फारच भयानक आहे, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ ला छापून आला होता, सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा धोका बाकीच्या लोकांपेक्षा १२९ पट निघाला. पण त्याच देशात ऱ्होड आयलंड म्हणून एक छोटं राज्य आहे, तिथे २०१६ पासून जेलमध्येच अफूवर्गीय नशेवरचं औषध द्यायला लागले आणि सुटल्यावर बाहेरच्या दवाखान्याशी जोडून दिलं, तर सुटून आलेल्यांमधले असे मृत्यू वर्षभरात ६१ टक्क्यांनी खाली आले. आपल्याकडे तिहारमध्ये २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिन हे तसलंच औषध देतात. म्हणजे होतं, केलं तर होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आतलं आणि बाहेरचं जोडलं तरच, नाहीतर आतला प्रत्येक कार्यक्रम हा फोटो काढण्यापुरता.

गांजाच्या केसवाले पण बरेच भेटतात, शिरपूरकडच्या डोंगरात गांजाची शेतं पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. पिकवणारा आणि गाड्या भरून विकणारा वेगळा, त्याचं कोर्ट बघेल. पण ओढणारी जी पोरं सापडतात, त्यांना सांगायला पाहिजे की एनडीपीएस म्हणजे ड्रग्जच्या कायद्यात कलम ६४-अ आहे, नशेच्या आहारी गेलेला माणूस नुसत्या सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या केसमध्ये स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सूट मिळू शकते, उपचार अर्धवट टाकले तर सूट जाते. आणि कलम ३९ मध्ये कोर्ट शिक्षा लगेच न सुनावता उपचारासाठी बॉन्डवर सोडू शकतं. गांजात थोडं प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. मी वकील नाही, पण आत हे कोणालाच माहीत नसतं, ज्यांच्या घरचे वकिलाला फी देऊन देऊन टेकीला आले त्यांना पण नाही. दारू या कायद्यात येत नाही, म्हणून दारूवाल्याला ही वाट नाही.

तर सध्या आम्ही काय करतो. मिटिंगच्या शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न, सुटला त्या संध्याकाळी कुठे झोपशील आणि शेजारी कोण राहील. आधी सगळे म्हणतात घरी, अजून कुठे. मग विचारायचं, घरी जाताना रस्त्यात काय काय लागतं. तेव्हा एकेक बाहेर निघतं, स्टॅण्डसमोरचा बार, फाट्यावरचं देशीचं दुकान, मामाच्या मळ्यातली हातभट्टी. एकजण म्हणे, "मन्हं घरच दुकानना मांगे शे." म्हणजे याला घरी पाठवणं हाच घोळ, त्याची सोय बहिणीकडे पाचोऱ्याला लावली. घरच्यांचा नंबर तो स्वतः देईल तरच घेतो आणि बायकांनाच फोन करतो, कारण जामीन कधी झाला ते सगळ्यात आधी बायकोला कळतं. मग आमच्यातला कोणीतरी मोटारसायकल घेऊन गेटवर. कधी पोचतो, कधी दोस्त आधी पोचलेले राहतात. एकदा तर आम्ही गेटवर आणि हा पठ्ठ्या समोरच्या टपरीमागे, भेटला तेव्हा वास येत होता, त्याला तसाच गाडीवर बसवून घरी सोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिटिंगला नेला. आला. त्याच्या पुढच्या वेळी नाही आला. चालायचंच.

घरच्यांसाठी दोन-चार गोष्टी. त्याच्या हातात लगेच रोख पैसे देऊ नका, पण अपमान करूनपण नको, आधार कार्ड, मोबाईल, गाडीभाडं तुम्हीच बघा. पहिल्या आठवड्यात "आता शपथ घे" म्हणून देवासमोर उभं करू नका, शपथ मोडली की त्या लाजेनं माणूस अजून पितो, मी मोडल्यात, एकवीरा मातेच्या पायाशी घेतलेली पण. आणि हिवाळ्यात सुटला तर भरीत पार्टी! मळ्यात तुराट्यांवर वांगी भाजली की कळण्याची भाकरी नंतर येते, बाटली आधी, हे आपल्याकडच्या कोणाला सांगायला नको. सहा महिने तरी भरीत घरी चुलीवर करा, चव तीच लागते. तसंच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पत्ते पिसायला बसले की रात्र होते आणि रात्र झाली की कोणीतरी जाऊन घेऊन येतो. त्या दिवशी माणसाला बायकोच्या माहेरी पाठवा, झोके बांधायला लावा, काही करा, पण पारावर बसू देऊ नका.

सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६, टोल फ्री. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी राहते, तिथे सरळ सांगा की माणूस जेलमधून आलाय आणि पितो, लपवू नका, डॉक्टर पोलिसात देत नाही.

आणि एक काम आहे. रावेर-मुक्ताईनगर बाजूचा आमच्याकडे सध्या एकपण मेंबर नाही. त्या बाजूचा कोणी सुटला की आम्हाला यावलहून जावं लागतं, आणि तोपर्यंत अंधार पडतो. तिकडचा कोणी एएत असेल, निदान वर्षभर पिणं बंद असेल, मोटारसायकल असेल आणि संध्याकाळी सहा ते नऊ फोन उचलत असेल, तर खाली मेसेज करा. पेट्रोल स्वतःचं टाकावं लागेल, चहा आमच्याकडून.